डाव्या आट्यांचा स्क्रू

मुकादमाने वर्कशॉपचं शटर खाली ओढलं, बायकोच्या टर्नर भावाची मान धरली आणि त्याचं तोंड लेथच्या पत्र्यावर आपटलं. एकदा आपटून त्याचं समाधान झालं नाही. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा टर्नरच्या नाकातून रक्ताची धार लागली आणि खालच्या लोखंडाच्या किसावर ठिबकू लागली. मग मुकादमाने त्याचा उजवा हात ओढून टेबलावरच्या व्हाइसमध्ये घातला, चारही बोटं दोन जबड्यांच्या मधे सरळ केली आणि दांडी फिरवली. फार घट्ट नाही, हात निसटणार नाही इतपतच. मुकादम कारागीर माणूस होता, घाईत काम करत नसे.

"आता बोल," तो म्हणाला. "माझ्या भावाचा डोळा कुठाय?"

ताई जुळवणीच्या टेबलाशी उभी होती. ती टर्नरची थोरली बहीण आणि या मुकादमाची बायको. अख्खी गल्ली तिला ताईच म्हणायची. तो डोळा कुणामुळे गेला हे त्या खोलीत एकट्या तिला ठाऊक होतं.

आता हे चकचं, म्हणजे ड्रिलच्या तोंडाशी बिट पकडून ठेवणाऱ्या भागाचं, प्रकरण आधी समजून घ्यायला हवं, नाहीतर पुढचं सगळं अधांतरी राहील. मुकादमाची टोळी इमारतींमधली छतं बसवायची आणि जुनी छतं उतरवायची. या कामात सारखी बिटं बदलावी लागतात. भोक पाडायचं एक, स्क्रू पिळायचं दुसरं. साधा चक पिळून उघडत बसायला शिडीवरच्या माणसाला तिसरा हात नसतो. एका कंपनीने त्यावर झटपट चक काढला. कॉलर मागे ओढली की बिट सुटतं, नवीन खोचलं की खट्‌कन बसतं. चक देखणा, कामाला चोख, पण बसायचा फक्त त्याच कंपनीच्या बॅटरीवरच्या ड्रिलवर, आणि ते ड्रिल घ्यायचं तर आधी घर विकायला काढावं लागेल. टोळीकडे होती वेगवेगळ्या कंपन्यांची, वेगवेगळ्या जातीची मशिनं. टर्नरने डोकं चालवलं आणि लेथवर एक जोड काढला. त्याची एक बाजू कुठल्याही ड्रिलच्या दांड्यावर आट्यांनी बसायची, दुसरी बाजू तो महागडा चक जसाच्या तसा पकडायची. स्वस्तातल्या मशीनवर तो चक बसला की नाकापेक्षा मोती जड दिसे खरं, पण चालायचा असा झकास, की दुसऱ्या टोळ्याही टर्नरच्या दारात मशिनं घेऊन येऊ लागल्या.

जोड कापायचं काम टर्नरचं, जुळवणी ताईची. जुळवणीतली सगळी मेख करंगळीच्या पेराएवढ्या एका स्क्रूत होती. ड्रिल सरळ फिरतं तेव्हा जोड दांड्यावर आपोआप आवळत जातो. ते उलटं फिरवलं आणि पुढे बिट अडकून बसलं, की तोच जोड सुटायला बघतो. म्हणून जोडाच्या पोटातून दांड्याच्या टोकात एक स्क्रू घालायचा, डाव्या आट्यांचा. बाकीचे स्क्रू ज्या दिशेला सुटतात, त्या दिशेला हा आवळतो. जोड निघायला लागला की हा त्याला धरून ठेवतो. ताई त्याच्या आट्यांना गोंदाचा थेंब लावायची, पाना घेऊन अंगातली सगळी ताकद लावून पिळायची आणि मगच मशीन हातावेगळं करायची. तिच्या हातचं एकही मशीन कधी परत आलं नव्हतं.

मुकादमाला आपल्या हत्यारांची माया फार. मशीन पुसून, फडक्यात गुंडाळून असं ठेवायचा की तान्हं मूल झोपवतोय. बायकोला मात्र हाताला येईल त्याने बडवायचा. पट्ट्याने, पट्टीने, एकदा चार्जरच्या वायरने. मारायला कारण लागायचं असं काही नव्हतं, आणि सापडलंच तर बरंच म्हणायचं. त्या घरात तिच्या बाजूचा माणूस एकच, तो म्हणजे तिचा दीर. तो फार बोलायचा नाही. भावाचा हात वर गेला की मधे येऊन उभा राहायचा, निम्मा मार स्वतःच्या पाठीवर घ्यायचा आणि म्हणायचा, "दादा, बस झालं. वहिनी, तुम्ही आत जा." ताईला त्या घरात एखाद्या माणसाची वाट बघावीशी वाटायची तर ती त्याची. तो कामावरून आला की तिला हायसं वाटायचं.

मग ते वेणीचं झालं. मुकादमाने चार्जर कुठाय म्हणून विचारलं, ती म्हणाली, "तुम्हीच ठेवलात ना माळ्यावर." एवढंच. तेव्हा अंगणात टोळीतली माणसं बसली होती. मुकादम हसला. त्याने तिच्या वेणीचं टोक ओढलं, मशीनमध्ये अडकवलं आणि म्हणाला, "बघू तरी किती पीळ बसतो." त्याने ट्रिगर हळू दाबला. मुकादम हसतोय म्हटल्यावर टोळीही हसली. दुसऱ्यांदा मात्र त्याने बोट हळू ठेवलं नाही. वेणी एका दमात कानापर्यंत गुंडाळली गेली आणि कानामागची तळव्याएवढी कातडी केसांसकट सुटून आली. दीर धावत आला, त्याने मशीनची बॅटरी उपसून काढली आणि जन्मात पहिल्यांदा थोरल्या भावाच्या थोबाडीत मारली. त्या दिवसापासून त्याने भावाशी बोलणं टाकलं.

दुसऱ्या दिवशी तेच मशीन ताईच्या टेबलावर आलं. ते मुकादमाचं स्वतःचं, मुठीला पिवळी पट्टी गुंडाळलेलं. त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही असा टोळीत दंडकच होता. त्यावर जोड बसवायचा होता. ताईने जोड बसवला, डाव्या आट्यांचा स्क्रू डबीतून घेतला, बोटांत धरला आणि परत डबीत टाकला. डोक्याला बांधलेलं फडकं ओलं झालं होतं, मान हलवली की टाके ओढत होते. तिने हिशेब अगदी सरळ केला होता. अडकलेले स्क्रू काढायचं काम मुकादम दुसऱ्यावर सोपवत नाही. तो शिडीवर चढेल, मशीन उलटं फिरवेल, जोड सुटेल आणि हा खाली येईल. पाय मोडेल, कंबर मोडेल. मरेलसुद्धा, असंही तिच्या मनात आलं, आणि त्या रात्री तिला कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली.

झालं भलतंच. भाऊ बोलत नाही म्हटल्यावर मुकादमाचं काम अडायला लागलं. चुकलं म्हणायची त्याला सवय नव्हती, तो शब्द त्याच्या घशात कधी शिरलाच नव्हता. म्हणून त्याने दुसरा मार्ग काढला. सकाळी निघताना त्याने पिवळ्या पट्टीचं मशीन उचललं आणि काही न बोलता भावाच्या हातात दिलं. दिराला ते उमगलं. त्याचा राग असाही फार टिकणारा नव्हता. मशीन खांद्याला लावून तो दारातून जाताना हसून म्हणाला, "वहिनी, बघा. दादाने स्वतःचं मशीन दिलं."

ताई दारातच होती. पिवळी पट्टी तिने ओळखली. पण नेऊ नका म्हणायचं तर का नको ते सांगावं लागलं असतं, आणि मुकादम मागे बुटांच्या नाड्या बांधत बसला होता. तिने स्वतःची समजूत घातली. हा कसला ठेवतोय दुसऱ्याच्या हातात मशीन, तासाभरात परत घेईल. ती म्हणाली, "जपून हं, भाऊजी."

जुनं छत उतरवताना एक गंजका स्क्रू अडला. दिराने मशीन उलट्या फिरकीवर लावलं, खालून सगळा जोर लावून दाबून धरलं आणि ट्रिगर ओढला. जोड चकसकट सुटला आणि लांब बिट खाली टोक करून त्याच्या वर केलेल्या तोंडावर आलं. मग तो शिडीवरून फरशीवर पडला. हात डॉक्टरांनी बसवला, बरगड्याही जुळतील म्हणाले. डोळा मात्र काढून टाकावा लागला.

आज त्याला हॉस्पिटलमधून सोडलं होतं. मुकादम त्याला घरी न नेता थेट इथे घेऊन आला होता. गाडी वर्कशॉपच्या दारात उभी करून, किल्ली तशीच ठेवून, त्याला पुढच्या सीटवर बसवून तो म्हणाला होता, "तू बस. तुझं मी वसूल करून आणतो." आणि आत येऊन त्याने शटर ओढलं होतं.

"बोलतोस का फिरवू?" मुकादम म्हणाला.

"दाजी, आटे मी नीट कापलेत," टर्नर रक्त गिळत म्हणाला. "माझा जोड असा सुटत नाही. दाखवा मला."

मुकादमाने खिशातून जोड काढून त्याच्यासमोर आपटला. टर्नरचा एक डोळा सुजून मिटत चालला होता. दुसऱ्याने त्याने जोडाच्या पोटात बघितलं. स्क्रूचं डोकं जिथे टेकतं ती जागा नव्यासारखी होती. गोंदाचा डाग नाही, घासल्याची रेघ नाही. तिथे स्क्रू कधी बसलाच नव्हता. त्याने मान वर करून बहिणीकडे पाहिलं. तिच्या डोक्यावरच्या फडक्याकडे पाहिलं. त्याच्या सगळं लक्षात आलं, आणि तो पुन्हा खाली बघायला लागला.

"विसरलो मी," तो म्हणाला. "स्क्रू टाकायचा राहिला माझ्याकडून."

"जुळवणी ही करते ना?"

"तुमचं मशीन होतं, दाजी. म्हणून मी स्वतः केली. चुकलो."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, फक्त इथे संन्यासी आपल्या पायाने फासावर चढत होता. मुकादमाने दांडीवर दोन्ही हात ठेवले.

"या हाताने विसरलास ना? मग हा हातच नको."

त्याने दांडी ओढली. टर्नर ओरडला नाही, त्याच्या घशातून नुसता हवा गेल्यासारखा आवाज आला. लेथवाल्याचा उजवा हात गेला म्हणजे माणूसच गेला, हे ताईला सांगायला नको होतं. याच भावाला तिने कडेवर घेऊन वाढवलं होतं. एक शब्द बोलली असती तर दांडी थांबली असती. तिला मुकादमाची भीती नव्हती, मार तर रोजचाच होता. भीती होती बाहेर गाडीत बसलेल्या माणसाची. शटर पत्र्याचं, आत शिंकलं तरी रस्त्यावर ऐकू जातं. ती बोलली की त्याला कळणार होतं.

दांडी आणखी थोडी फिरली. ओल्या फांदीसारखा कट्‌ आवाज झाला आणि टर्नर गुडघ्यांवर आला.

"सोडा त्याला," ताई म्हणाली. "मी केलं. स्क्रू मी घातला नाही."

मुकादमाने वळूनही बघितलं नाही. "भावाचा पुळका आलाय. गप्प बस, तुझी पाळी घरी गेल्यावर."

"मी घातला नाही. हातात घेतला आणि परत ठेवला."

"तुला काय कळतंय त्यातलं?" तो म्हणाला आणि दांडी फिरवली. दुसरं बोट गेलं. आता मात्र टर्नर ओरडला.

"तुझ्यासाठी होतं ते," ताई म्हणाली. इतक्या वर्षांत ती त्याला पहिल्यांदा अरे-तुरे करत होती. "पिवळ्या पट्टीचं मशीन तुझं. कुणाला हात लावू देत नाहीस तू. तू शिडीवर चढणार, तू उलटं फिरवणार, तू पडणार. डोळा तुझा जायचा होता. मान मोडली असती तरी मला चाललं असतं. मी त्या रात्री पोटभर झोपले. विचार त्याला, इथे जुळवणी कधी कुणी दुसऱ्याने केलीय का."

मुकादमाचे हात दांडीवर तसेच राहिले. त्याने टर्नरकडे पाहिलं. टर्नर डोळे मिटून रडत होता, आणि नाही म्हणत नव्हता. ज्या बाईला तो बडवून निर्धास्त झोपत होता, जिच्या हातचं खात होता, जिच्या हातची मशिनं घेऊन शिड्या चढत होता, ती बाई त्याने आज पहिल्यांदा पाहिली. त्याची पाचावर धारण बसली होती, हे ताईला स्पष्ट दिसलं. तिला त्याचं बरं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली नाही.

मग त्याने टेबलावरचा हातोडा उचलला.

पहिला घाव तिने चुकवला, तो स्क्रूच्या डब्यांवर बसला आणि डब्या जमिनीवर सांडल्या. दुसरा तिच्या दंडावर ओझरता लागला आणि हात खांद्यापर्यंत बधिर झाला. त्याने तिला लाथ घातली, ती टेबलाखाली गेली, त्याने पायाला धरून ओढून बाहेर काढली. तिने टेबलाची कड धरली, तर हाताला जुळवणीला आलेलं कुणाचं तरी मशीन लागलं. मोठं, जड बॅटरीचं. तिने ते दोन्ही हातांनी धरलं आणि खालून वर फिरवलं. ते त्याच्या गळ्याच्या खाली बसलं. हाड मोडल्याचं तिला हातात कळलं. त्याचा उजवा हात लटकला तरी हातोडा सुटेना, तेव्हा तिने पुन्हा मारलं, या वेळी कपाळावर. तो लेथला धडकून खाली बसला. भुवईतून आलेलं रक्त डोळ्यांत उतरल्यामुळे तो आंधळ्यासारखा चाचपडत होता.

शटर वर गेलं.

दीर दारात उभा होता. अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी, डावा हात गळ्यात बांधलेला. त्याने सगळं ऐकलं होतं, तसं तोंडावरच लिहिलेलं होतं. तो आधी व्हाइसपाशी गेला आणि उजव्या हाताने दांडी उलटी फिरवली. टर्नरचा हात सुटला तशी त्याची शुद्ध हरपली. दिराने त्याला पाठीने भिंतीला टेकवून बसवलं. मग तो भावाजवळ वाकला आणि त्याच्या लटकत्या हातातून हातोडा काढून घेतला.

"ऐकलंस ना?" मुकादम रक्त थुंकत म्हणाला. "मार तिला. डोळा तुझा गेलाय."

दिराने हातोडा जुळवणीच्या टेबलावर ठेवला आणि तो ताईसमोर येऊन उभा राहिला. तिच्या हातात मशीन अजून तसंच होतं. ते तिने खाली ठेवलं.

"वहिनी," तो म्हणाला, "मी सकाळी मशीन घेऊन निघालो, तेव्हा तुम्ही दारात होतात."

"हो," ती म्हणाली.

"तेव्हा स्क्रूचं तुमच्या लक्षात होतं, की गडबडीत सांगायचं राहून गेलं?"

खोटं बोलणं फार सोपं होतं. डोकं ठणकत होतं, भान नव्हतं, कुठलं मशीन ते दिसलंच नाही, असं काहीही चाललं असतं. त्याने ते खरं मानलं असतं. मानायची त्याची तयारी होती, म्हणूनच त्याने प्रश्न तसा विचारला होता. आजवर या घरात तिच्याशी कुणी इतकं सांभाळून बोललं नव्हतं, आणि त्याच्याशी खोटं बोलायला तिची जीभ रेटेना.

"लक्षात होतं," ती म्हणाली. "मला वाटलं, ते परत घेतील तुमच्याकडून. मी बोलले नाही."

त्याने मान हलवली.

"नुसती एक हाक मारायची होती," तो म्हणाला.

तिने हात जोडले नाहीत, माफी मागितली नाही. त्या डोळ्यापुढे कुठला शब्द ठेवावा हे तिला कळत नव्हतं. त्याने मारलं असतं तर तिने मुकाट्याने खाल्लं असतं, तेही तिला हवं होतं. त्याने मारलं नाही. तो वळला, टर्नरच्या काखेत हात घातला आणि एका हाताने ओढत, सावरत त्याला गाडीकडे घेऊन निघाला. टर्नर शुद्धीवर असता तर बहिणीला सोडून गेला नसता.

मुकादम लेथचा आधार घेत उठला. त्याने बाहीने डोळे पुसले, खोलीत कोण उरलंय ते बघितलं आणि पुढे होऊन डाव्या हाताने ताईचा गळा धरला. तिची पाठ टेबलावर दाबली गेली.

"भाऊजी," ती म्हणाली. आवाज अर्धाच निघाला.

दीर उंबऱ्यावर थांबला. त्याने वळून पाहिलं, म्हणजे त्याला दिसलंच नाही असं म्हणता यायचं नाही. मुकादमाची बोटं तिच्या मानेत रुतलेली त्याला दिसली. इतकी वर्षं असं काही दिसलं की त्याचे पाय आपोआप मधे यायचे. त्याने टर्नरला खांद्यावर नीट घेतलं आणि तो बाहेर गेला. गाडीचं दार लागलं, मग दुसरं दार लागलं. गाडी सुरू झाली आणि गल्लीतून निघून गेली.

ताईने गाडीच्या आवाजाकडे कान लावायचं सोडून दिलं. हातोडा टेबलावर होता, तिच्या डोक्याशेजारीच. मुकादमाचा एकच हात चालत होता आणि तो तिच्या गळ्यावर होता. तिचे दोन्ही मोकळे होते.